वहीतली परकी बाई

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयातील दोन मुले माझ्याकडे आली होती. त्यांच्या वक्तृत्वसभेला मी परीक्षक म्हणून बसावे, अशी त्यांची विनंती होती. विषय त्यांनी कागदावर सुबक अक्षरांत लिहून आणला होता : ‘राष्ट्रे नसती, तर जग अधिक सुखी झाले असते.’ मी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि प्रकृतीचे कारण सांगून परत दिला. कारण अगदीच खोटे नव्हते. तो विषय वाचताच माझ्या तोंडाची चव गेली होती. मुले गेल्यावर मी मोरीत जाऊन चूळ भरली आणि बराच वेळ कपाटासमोर उभा राहिलो. त्या कपाटात लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेल्या अकरा वह्या आहेत, आणि त्यांतल्या सातव्या वहीत माझ्या हातची अशी एक ओळ आहे, जिची मला आजही शिसारी येते. सतराव्या वर्षी मी याच विषयावर बोललो होतो. विरुद्ध बाजूने बोललो होतो आणि जिंकलो होतो. तेव्हाचे जे काही आठवते, ते आता लिहून ठेवतो. त्याने कोणाचे काही परत येणार नाही, हे मला माहीत आहे.

आमचे घर पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर होते. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. ते तीर्थोपाध्याय होते. त्यांचे वडील आणि आजोबाही तेच. बाहेरगावचे यात्रेकरू कुंडावर उतरले की आमच्यासारख्या घरांतील माणसे पुढे होऊन विचारीत, “गाव कोणते? आडनाव काय? कूळ कोणाचे?” गावाचे नाव निघाले, की ते गाव ज्या उपाध्यायाकडे असेल तो त्या मंडळींना घरी नेई, आपली वही उघडी आणि त्यांच्या आज्या-पणज्यांची नावे वाचून दाखवी. त्या वहीत हिशेब नसे. कोण केव्हा आले, कोणाचे श्राद्ध केले, बरोबर कोण होते, एवढेच. शेवटी आलेला मनुष्य स्वतःच्या हाताने सही करी किंवा अंगठा उठवी. पणजोबांच्या अंगठ्याचा काळपट ठिपका पाहून धिप्पाड माणसे हुंदके देताना मी लहानपणापासून पाहिली आहेत. वहीचा नियम एकच होता. लिहिलेले खोडायचे नाही. अप्पा म्हणत, “वही ही नदी आहे. नदीत सोडलेले पुन्हा काढीत नाहीत.”

सकाळी मला जाग यायची ती कुंडावर धोतरे आपटल्याच्या आवाजाने. मग मंत्र, तांब्यांची खणखण, आणि ऊन वर आले की पाण्यावरून येणारी पलीकडच्या तांबट आळीतली ठोकाठोक. स्वयंपाकघरात आईचा हात सतत श्राद्धाच्या पानांत गुंतलेला असे. वडे, तांदळाची खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. इतर मुलांना सणाला मिळे ते आम्हाला दुसऱ्यांच्या मृत्यूने मिळे. आम्ही भावंडे परक्यांच्या पितरांवर वाढलो, असे म्हटले तरी चालेल. त्या अन्नाची मला कधी किळस आली नाही. किळस कशाची यावी, याची समजच मला चुकीची होती.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तेव्हा मी इंग्रजी सहावीत होतो. त्यांना माणसांच्या आकृती दिसत. अक्षरे दिसत नसत. माझे मोडी अक्षर चांगले होते, म्हणून वही लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अप्पा सांगत, मी लिही, आणि लिहून झाले की ते म्हणत, “वाच.” मी वाची. ते मान हलवीत. वडिलांनी मुलावर याहून मोठा विश्वास टाकता येत नाही, हे मला कळायला फार उशीर झाला.

त्याच सुमारास मी गल्लीतल्या तरुणांच्या मंडळात जाऊ लागलो होतो. मंडळाच्या भिंतीवर आम्ही गेरू आणि नीळ वापरून हिंदुस्थानचा मोठा नकाशा काढला होता. पुढे सरकारने ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून तोडून निराळा केला, तेव्हा मी स्वतः चुन्याचा कुंचला घेऊन नकाशातला ब्रह्मदेश पांढरा केला. एकजण म्हणाला, “अरे, इंग्रजाने सांगितले म्हणून आपण पुसायचे होय?” मी उत्तर दिले, “राष्ट्राची कड स्वच्छ हवी.” ज्या सरकारला आम्ही रोज संध्याकाळी शिव्या घालीत होतो, त्याच सरकारने आखलेली रेघ मी इतक्या हौसेने गिरवली, याचे त्या वेळी मला काहीच वाटले नाही. चुन्याचे शिंतोडे उडालेले हात मी अभिमानाने घरी घेऊन आलो. अप्पांनी हाताचा वास घेतला आणि विचारले, “कोणाचे घर रंगवलेस?” मी सांगितले. ते म्हणाले, “आपल्या वहीत देश नसतो रे माधवा. गाव असते आणि कूळ असते.” मला ते जुन्या माणसाचे बोलणे वाटले.

आणि मग एका दुपारी एक बाई आणि एक लहान मुलगी आमच्या दारात उभ्या राहिल्या. बाई तिशीची असेल. कमरेला लुंगीसारखे वस्त्र गुंडाळलेले, अंगात पांढरे पोलके, केसांत लाकडी कंगवा. एका हाताने तिने सहा वर्षांच्या मुलीला धरले होते आणि दुसऱ्या हाताने फडक्यात बांधलेला कडीचा पितळी डबा छातीशी घेतला होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी हिंदीत काही विचारणार, एवढ्यात ती म्हणाली, “पाटलाचं कूळ तुमच्याकडंच हाय ना? त्यांनी सांगितलं व्हतं. लाल वही, म्हने.”

आमच्या घरात कोणी बोलत नव्हते असे ते मराठी, कळवणकडच्या खेड्यातले, त्या तोंडातून ऐकून मी आईला हाक मारली. आई आतून हात पुसत आली, तिने एकदा डब्याकडे आणि एकदा मुलीकडे पाहिले आणि म्हणाली, “आधी आत ये ग. पोर बघ कशी सुकली आहे.”

तिचे नाव मा खिन. नवरा गणपत पाटील कळवणकडच्या एका गावचा. तो तरुणपणी घरात भांडून निघून गेला आणि फिरत फिरत रंगूनच्या एका भातगिरणीत मिस्त्री झाला. तिथेच त्याने हिच्याशी लग्न केले. पुढे तिकडे हिंदी लोकांविरुद्ध दंगे झाले. मा खिनने ओसरीच्या कडेला बसून, आवाज न चढवता सांगितले, “परका म्हनून मारलं त्यांना. माझ्याच गल्लीतल्या पोरांनी. मी आडवी पडले, तर मला बी म्हनाले, तू त्याचीच.” मरताना गणपतने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. हाडे रामकुंडात टाक आणि वहीत नाव लाव. नाव लागले की माझा भाऊ तुला टाकणार नाही.

अप्पांनी गणपतच्या भावाला, दौलत पाटलांना, पत्र धाडले. उत्तर येऊन ते स्वतः येईपर्यंत दोघी आमच्याकडेच राहिल्या. यजमानांसाठी मागच्या बाजूला एक खोली होती, ती त्यांना दिली. आईला तिच्यात एक सोबतीण मिळाली. एकदा आई बाजारातून अंबाडीची जुडी घेऊन आली, तशी मा खिन चटकन उठली. “अगं बाई, ही इथं बी हाय!” म्हणून तिने ती पाने नाकाशी धरली. रंगूनला त्या दिवसांत घरोघर हीच आंबट भाजी शिजते, असे तिने सांगितले. मग दोघींनी मिळून ती केली. आईने तीत कण्या घालून वरून लसणीची फोडणी दिली. मा खिन म्हणाली, “लय भारी. त्यांना आसंच लागायचं.” आणि तोंडाला लावायला पदर नसल्यामुळे तिने पंजाने डोळे झाकून घेतले.

तिच्याजवळ मातीची एक लहान बरणी होती. तीत कुटून मुरवलेल्या माशांचा लगदा होता. ती तो बोटाच्या टोकाएवढा घेई आणि भातात कालवून खाई. आमच्या घराचा मान राखून तिने ती बरणी तुळशीपासून दूर, मागच्या अंगणातल्या चिंचेच्या बुंध्याशी, तोंड बांधून ठेवली होती. तरीही वारा फिरला की तो वास माझ्या पुस्तकांपर्यंत येई. मी नाक धरून आईकडे तक्रार केली. आई म्हणाली, “कुंडावर येणारे निम्मे यजमान बोंबील खाऊन येतात. त्यांच्या बोटात दर्भ घालतोसच ना? मग आता कसले सोवळे आठवले?” एका सकाळी सर्वजण कुंडावर गेले असता मी ती बरणी सांडशीने धरून नेली आणि नदीत फेकली. हाताने धरायचीही मला किळस वाटली होती.

मा खिनने ती दुपारभर शोधली. चिंचेखाली बसून ती मला म्हणाली, “मांजरानं नेली आसंल, न्हाय?” मी म्हणालो, “असेल.” ती म्हणाली, “माझ्या आईच्या हातचं व्हतं. निघताना दिलं तिनं.” मी पुस्तकात डोके घातले. पुस्तक राष्ट्रधर्मावरचे होते.

अस्थिविसर्जन झाले त्या दिवशी अप्पांनी वही काढली. दौलत पाटील यायचे होते, तरी विसर्जनाच्या दिवशीच नोंद करायची असा रिवाज होता. मी बोरू घेऊन बसलो. समोर मा खिन, तिच्या मांडीवर ती मुलगी, शांता. अप्पा सावकाश सांगू लागले : “गणपत, कोंडाजी पाटलांचा मुलगा. वास्तव्य रंगून. तेथे मृत. त्यांच्या अस्थी घेऊन त्यांची पत्नी मा खिन आणि कन्या शांता आल्या.”

दोन दिवसांनी आमच्या मंडळाची वक्तृत्वसभा होती. राष्ट्रे नसावीत की असावीत, हाच तिचा विषय. माझे भाषण तयार होते आणि त्यातली वाक्ये डोक्यात घणघणत होती. स्वकीय कोण आणि परकीय कोण हे ज्याला लिहिता येत नाही, त्याला राष्ट्र असू शकत नाही. अप्पांचा आवाज कानावर पडत होता आणि माझा हात लिहीत होता : ‘त्यांच्या अस्थी घेऊन कन्या शांता आली. सोबत ब्रह्मदेशाची एक परराष्ट्रीय स्त्री.’ मला कोणी सांगितले नव्हते. मला राग आला होता असेही नाही. मी शांत होतो, आणि आपण काही शुद्ध करीत आहोत असे मला वाटत होते. त्या शुद्धतेची चव आजही तोंडात येते. ती सडक्या पाण्यासारखी आहे.

“वाच,” अप्पा म्हणाले.

मी वाचले. ‘पत्नी मा खिन आणि कन्या शांता’ असे, अप्पांच्या शब्दांत, अडखळल्याशिवाय वाचले. अप्पांनी मान हलवली. मा खिनला मोडी वाचता येत नव्हते. तिने दोन्ही हातांनी वही कपाळाला लावली, बोरू घेतला आणि त्या ओळीखाली आपल्या लिपीत काहीतरी लिहिले. वाटाणे ओळीने मांडावेत तशी गोल गोल अक्षरे होती. नुसत्या नावापेक्षा मजकूर बराच अधिक होता. शाई वाळेपर्यंत ती त्यावर फुंकर घालीत राहिली.

सभेत मी जिंकलो. माझ्या विरुद्ध रघू नावाचा तांबट आळीतला मुलगा बोलला. तो अडखळत होता. “पत्रा कुठल्या मुलखातून आला ते हातोडीला कळत नाही, आणि हंडा झाल्यावर पाण्यालाही कळत नाही,” असे काहीतरी तो म्हणाला. लोक हसले. मी उठलो आणि आमच्या घरी आलेल्या बाईचेच उदाहरण दिले. दया निराळी आणि राष्ट्र निराळे, असे म्हटल्यावर टाळ्या पडल्या. मला रुपेरी पदक मिळाले. पत्रा आणि हंडा यांबद्दल रघू जे बोलला त्याला मी आजतागायत उत्तर शोधतो आहे.

दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस मोटारीने दौलत पाटील आले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा गृहस्थ. शांताला पाहताच ते खाली बसले. तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाले, “आमच्या गण्याची जिवनी हाय ही.” आणि मोठ्याने रडले. शांता घाबरून आपल्या आईच्या मागे लपली. मा खिन म्हणाली, “भिऊ नको, चुलता हाय तुझा. दादा, पानी घ्या.” तिच्या बोलण्यातला भावाचा ढंग ओळखून दौलत पाटील दचकले. त्यांनी तिच्याकडे पाहिले, लगेच नजर काढून घेतली आणि अप्पांना म्हणाले, “भटजी, भावानं परमुलखात काय केलं ते बघाया आमी नव्हतो. गाव दहा तोंडांनी बोलंल. तुमची वही काय म्हनंल ते मला मान्य. वहीनं बायको म्हटलं, तर वहिनी म्हनून पाया पडंन आन् गाडीत पुढं बसवून नेईन. नसंल, तर पोर आमच्या रक्ताची हाय, ती आमी नेनार. बाईनं तिचं बघावं.”

“वहीत आहे,” अप्पा समाधानाने म्हणाले. “माधवा, काढ. वाच.”

त्या क्षणी मी पुन्हा खोटे वाचू शकलो असतो. ते खोटे खरे ठरले असते. पण दौलत पाटलांनी हात पुढे केला. “द्या इकडं. मोडी येतं मला. पाटीलकी केलीया.” त्यांनी वही उन्हाकडे धरली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचले. ‘सोबत ब्रह्मदेशाची एक परराष्ट्रीय स्त्री.’

अप्पांच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नाही. त्यांचा आवाज मात्र ऐकला. “हे मी सांगितलेले नाही. मी पत्नी असे सांगितले होते.”

दौलत पाटील म्हणाले, “भटजी, तुमच्या वहीत खोटं यायला लागलं तर आमचे बाप-आजे तरी खरे कशावरून?” मग माझ्याकडे वळून, अगदी सरळपणे, त्यांनी विचारले, “तूच लिवलं ना रं? तू सांग. बाईनं काय सांगितलं व्हतं? पोरगा खोटं बोलायचा न्हाय.”

दारात मंडळातले दोघे मला बोलवायला येऊन उभे होते. पदक माझ्या खिशात होते. एवढेच म्हणायचे होते, की ती पत्नी आहे, चूक माझी आहे. शांता मधल्या खांबाला धरून माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, “जे खरे, तेच लिहिले.”

अप्पांनी बोरू मागून घेतला आणि चाचपडत, माझ्या ओळीच्या खाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले : ‘वरील चूक. ही गणपतची पत्नी.’ वहीत आपल्या घराची चूक आपल्याच हाताने कबूल करणारे आमच्या वंशात ते पहिलेच. दौलत पाटलांनी तेही वाचले. “दया आली म्हनून लिवलं तुमी,” ते म्हणाले. “आधीचं ते खरं.” त्यांना हवे होते ते माझ्या ओळीत होते, आणि आता त्यांना ते सोडवेना. त्यांनी शांताला उचलले. ती ‘अमे, अमे’ असे ओरडत होती. तिच्या भाषेत आईला तसे म्हणतात. माझी आई त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. “अहो पाटील, लेकराच्या तोंडाकडे तरी बघा!” दौलत पाटलांनी तिला वाकून नमस्कार केला आणि बाजूने निघून गेले. ते दुष्ट नव्हते. त्यांनी शांताला पुढे पोटच्या मुलीसारखे वाढवले, हे मला माहीत आहे, आणि त्यामुळे माझे काही हलके होत नाही.

मा खिन त्यांच्या मागे मोटारतळापर्यंत धावत गेली. परत आली तेव्हा तिच्या पायाच्या अंगठ्याचे नख निघालेले होते. आई तिच्या पायावर हळद दाबत असताना तिने मला विचारले, “काय लिवलं व्हतं रं तू?”

मी तिला ती ओळ सांगितली. ती म्हणाली, “तिकडं त्यांना बी हेच म्हनले व्हते.”

ती दोनदा त्या गावी जाऊन आली. शिवेवरूनच तिला परत पाठवले. एका वकिलाने अप्पांना सांगितले, की लग्नाचा कागद नाही, आणि जो एक कागद आहे तो तिच्या विरुद्ध बोलतो. महिनाभराने अप्पांनी तिला कलकत्त्याच्या गाडीत बसवून दिले. तिथून तिला बोट मिळायची होती. ज्या गल्लीने तिच्या नवऱ्याला मारले, तिथे ती परत गेली. आईने तिला वाळवलेल्या अंबाडीची पुरचुंडी दिली. पुढे लढाई आली, रंगूनवर बॉम्ब पडले, आणि तिचा ठावठिकाणा कोणालाच कळला नाही.

अप्पा मला रागावले नाहीत. त्यांनी मला पुन्हा कधी वही लिहायला सांगितले नाही, एवढेच. शेजारच्या उपाध्यायांच्या मुलाला ते बोलावीत. तो मुलगा लिही, आणि अप्पा म्हणत, “वाच.” ते ऐकू येऊ नये म्हणून मी कुंडावर जाऊन बसत असे. मंडळ मी सोडले. पदक विकायला नेले, तर सोनार म्हणाला की त्यात चांदी नाही, नुसता मुलामा आहे. मी ते नदीत फेकायला गेलो, आणि जिथे बरणी फेकली होती तीच जागा आहे हे लक्षात येताच परत फिरलो. ते अजून घरात आहे.

मी शिक्षक झालो. तीस वर्षे फळ्यावर नकाशे काढले. दर काही वर्षांनी रेघ सरके, आणि नवीन पुस्तक आले की मी खडूने ती सरकवी. मुलांना त्या रेघा पाठ होत. त्या रेघांवरून जे रक्त वाहिले त्याची प्रत्येक वेळी भाषणे झाली, पदके वाटली गेली, आणि प्रत्येक वेळी मला त्या मुलाम्याची आठवण झाली. आमचा थोरला मुलगा ओझरच्या कारखान्यात विमानांचे भाग तपासतो. दुपारी जेवताना विमान घरावरून गेले की ताटातली वाटी थरथरते. तो अभिमानाने वर पाहतो. मी वाटी धरून ठेवतो.

तरीही ती मुले आली तेव्हा मी त्यांना उत्तर देऊ शकलो नसतो. राष्ट्रे नसती तर? अप्पांच्या वहीत देश नव्हता, हे खरे. पण तिच्यात जात होती. ज्या कुंडाला आम्ही सर्वांची नदी म्हणत होतो, त्या कुंडात कोणी उतरावे यावरून त्याच्या थोड्याच वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या लोकांनी माणसांची डोकी फोडली होती, आणि आम्ही दारे लावून आत बसलो होतो. तेव्हा नकाशा पुसला म्हणजे हात धुतले जातात, असे मी म्हणणार नाही. मला इतकेच माहीत आहे, की एरवी एखाद्या बाईची बरणी फेकताना मला चोरी केल्यासारखे वाटले असते. राष्ट्राच्या नावाने ती फेकली आणि मला पुण्य केल्यासारखे वाटले. नीचपणा जगात पुष्कळ आहे. त्याला पदक देणारी वस्तू मात्र राष्ट्र हीच, आणि म्हणून मला तिचा वीट आला आहे.

अप्पांच्या मागे वह्या माझ्याकडेच आल्या होत्या आणि जुनी कुळे अजून आमच्या दारी येत. मागच्या वर्षी शांता आली. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची, हातभर बांगड्या, डोक्यावर पदर, बरोबर मोठा मुलगा. दौलत पाटील वारले होते. त्यांच्या अस्थी घेऊन ती आली होती. मी तिला ओळखले नाही. गाव विचारले, आडनाव विचारले, आणि मग ती कोण हे मला कळले. विसर्जनानंतर मी सातवी वही काढून तिच्यापुढे ठेवली. मुलाला मोडी येत नव्हते. मलाच वाचावे लागले. या वेळी मी लिहिले होते तेच वाचले, आणि ते मी लिहिले होते हेही सांगितले. बरणीचेही सांगितले. क्षमा मागायला शब्द शोधत होतो. तिने हात वर करून मला थांबवले.

“ते ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला आईचं तोंड आठवत न्हाय. वास आठवतोय. कसला वास, ते इतक्या वर्सांत कुनी सांगू शकलं न्हाय. मला वाटायचं, सपान आसंल.”

मी तिला सांगितले. मुरवलेल्या माशांचा, थोडा खारट, थोडा उग्र. पावसाळ्यात ओल्या लाकडातून येतो तसा, आणि त्यात हळद. बरणीच्या तोंडाला निळे फडके होते, तेही सांगितले. ज्या वासाची मी किळस केली, तो माझ्याइतका बारकाईने जगात दुसऱ्या कोणालाही आठवत नव्हता. शांता डोळे मिटून ऐकत होती. तिच्या नाकपुड्या हलत होत्या.

मग तिने माझ्या ओळीखालच्या, अप्पांच्या ओळीजवळच्या त्या गोल अक्षरांवर बोट ठेवले. “हे तिनं लिवलंय? काय लिवलंय?”

मला माहीत नव्हते. एवढ्या वर्षांत मी ते कोणाला विचारले नव्हते. आपल्याला त्यात काय वाचावे लागेल, या भीतीने विचारले नव्हते.

“मला सही करायची हाय ना आता?” तिने विचारले. मी लेखणी दिली. तिचा मुलगा म्हणाला, “आई, शांताबाई लिव, खाली तारीख टाक.” तिने ऐकले नाही. आईच्या अक्षरांकडे पाहत, एक एक वाटोळा आकार जपून, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी, ती तीच ओळ खाली उतरवू लागली. अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. कुंडावरून वारा येत होता आणि पान फडफडत होते. “जरा धरा,” ती मला म्हणाली. तिचे लिहून संपेपर्यंत मी दोन्ही हातांनी ते पान धरून बसलो.